सन्मानपत्रातला अनोळखी इसम

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय रामजीभाऊ, बालवाडी चालवणाऱ्या मंडळाचे सचिव धम्मपाल सर, महाडहून एवढ्या उन्हात आलेले सन्माननीय पाहुणे, शिमग्याला मुंबईहून आलेले चाकरमानी, समोर बसलेल्या आया, आज्या आणि खुर्च्यांखाली बसलेले माझे विद्यार्थी,

सत्काराला उत्तर देण्यापूर्वी अध्यक्षांच्या कानावर एक गंभीर बाब घालते. जूनपासून आजपर्यंत माझ्या चौदा पेनांची टोपणं नाहीशी झाली आहेत. पेनं जागेवर असतात, फक्त टोपणं जातात. मी सतरंजी झाडली, दप्तरं उलटी केली, संशयावरून सार्थकच्या नाकात बॅटरीचा उजेडही पाडून पाहिला. तिथे शेंगदाणा होता, टोपण नव्हतं. मंडळाने चौकशी समिती नेमावी आणि समितीने स्वतःची पेनं घरी ठेवून यावं, अशी नम्र विनंती आहे.

हसू नका. याआधी मी सतरा वर्षं बिरवाडीजवळच्या एका कारखान्यात, माल बाहेर पाठवायच्या खात्यात होते. पिंपं मोजायची, गेटपास फाडायचा, सही घ्यायची. पिंपाचा एक मोठा गुण असतो. दहा वाजता वीस असतील, तर बारा वाजताही वीसच असतात. पुढे ते खातं बंद झालं, मी बालवाडीचा कोर्स केला आणि त्रेचाळिसाव्या वर्षी नव्याने नोकरीला लागले. पहिल्या दिवशी दहाला वीस मुलं मोजली. अकराला एकवीस भरली. साडेअकराला अठरा! मी पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले. आमच्या मदतनीस शकूताई खिचडी ढवळत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "बाई, सगली कशाला मोजता? रडनारी मोजा. तीन हायत ना? मंग बरोबर हाय."

जास्तीचा एक म्हणजे कुणाचा तरी धाकटा भाऊ, वासावर आलेला. आणि कमी पडलेले दाराआड बसून एकमेकांच्या चपला चाटत होते.

तेव्हापासून माझा जो गोंधळ उडाला, तो अजून बसलेला नाही. सकाळी आईचा पदर न सोडणारी मुलगी दुपारी माझा सोडत नाही. मग मी तिला आवडते की नाही? एकदा म्हटलं, आपला घाट काढा. सार्थकने कोरा कागद आणून दिला. "हे काय रे?" "आंबेनळी." "आणि गाडी?" "धुक्यात हाय." सांगा, याला काय शेरा देऊ? एका चिमुरडीने तर मला सर्वांदेखत सांगितलं, "बाई, तुमी म्हाताऱ्या हाव, पन चांगल्या हाव." हे प्रशस्तिपत्र कोणत्या भिंतीला लावू?

आता आजच्या सन्मानपत्राकडे येते. सचिवांनी मघाशी वाचलं, "अनोळखी इसमाच्या तावडीतून बालिकेची सुटका करून प्रसंगावधान दाखविल्याबद्दल." टाळ्या झाल्या. मीही खाली मान घालून त्या घेतल्या. पण कोणाची तावड आणि कोणाची सुटका, ते एकदा उघड बोलायला हवं.

गणपतीच्या आदल्या दिवशी एक गृहस्थ बालवाडीच्या दारात आले. खांद्यावर पिशवी, डोळ्यांत रात्रीची झोप. म्हणाले, "दिशाला न्यायला आलोय. मी तिचा पप्पा."

दिशाला तिची आजी जानकीबाई आणते आणि नेते. या गृहस्थांना मी कधी पाहिलेलं नव्हतं. मी दिशाला विचारलं. ती माझ्या साडीआडून बघून म्हणाली, "नाय. माझा पप्पा फोनात हाय."

"अगो, तोच मी!"

"त्याला दाढी हाय."

सणाला घरी जायचं म्हणून गृहस्थांनी एसटी स्टँडावर उतरून दाढी केलेली. फोन दाखवतो म्हणाले, तर तो रात्रभरच्या प्रवासात बंद पडलेला. मी मुलगी दिली नाही. अशा वेळी आजही देणार नाही. एवढंच केलं असतं, तर ही शाल मी आनंदाने मिरवली असती.

पण मी तिथे थांबले नाही. त्यांचा फोटो काढला आणि पालकांच्या ग्रुपवर टाकला, "अनोळखी इसम. सावध राहा." पाच मिनिटांत चौघे धावत आले; बिनदाढीचा चेहरा त्यांनीही ओळखला नाही. एकाने कॉलर धरली. ते गृहस्थ फक्त म्हणत होते, "पोर बघतेय, पोर बघतेय." मग जानकीबाई आल्या आणि ओरडल्या, "अरे सोडा रे! माझा मुरारी हाय तो!"

सर, चिठ्ठी मिळाली. 'आवरतं घ्या' हे अक्षर मी ओळखते. दोनच मिनिटं.

संध्याकाळी मी ग्रुपवर दुसरा मेसेज टाकला, "गैरसमज दूर झाला आहे. धन्यवाद." कोणाचा गैरसमज, कोणामुळे, अवाक्षर नाही. आता गंमत बघा. माझा पहिला मेसेज तासाभरात बिरवाडीला पोचला. तिथून जुन्या मैत्रिणीचा फोन आला, "पोरं पळवणारा धरलास म्हणे!" दुसरा मेसेज मात्र अजून आपल्या वाडीचा चढ उतरलेला नाही. मुरारी गौरी जायच्या आधीच मुंबईला परत गेले. आता शिमग्याला आले आहेत, चार दिवस झाले. परवा जानकीबाई मला म्हणाल्या, "बाई, पोरगा दुकानात गेला, तं बाया पोरांना आत घेतात. बालवाडीच्या रस्त्यानं तं तो जातच नाय. मागल्या वाटेनं जातो."

आणि त्याच प्रसंगासाठी मला नारळ!

कारखान्यात आमच्याकडून चुकीचा माल गेला, तर तो परत आल्यावर गेटवर सगळ्यांदेखत उतरवून घ्यायची पद्धत होती. म्हणून हे ऑफिसात न बोलता माईकवर बोलते आहे. सन्मानपत्रातला अनोळखी इसम म्हणजे दिशाचे वडील मुरारी. ते पोर पळवायला आले नव्हते. घरी जाऊन पिशवी टेकवण्याआधी मुलीचं तोंड बघायला आले होते. दुसऱ्या मेसेजमध्ये मी हे लिहायला हवं होतं. ज्यांनी पहिला मेसेज पुढे ढकलला, त्यांनी हेही ढकलावं. कोणाकोणाचं रेकॉर्डिंग चालू आहे, ते मला इथून दिसतंय.

मंडळाने माझं कौतुक केलं, पाहुणे वेळ काढून आले, शकूताईंनी मला मोजायला शिकवलं, सगळ्यांची मी ऋणी आहे. सन्मानपत्र तेवढं दुरुस्तीसाठी सचिवांकडे परत देते. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल, तर अध्यक्षांनी आणि पाहुण्यांनी पदरात घ्यावं. मुरारीभाऊंची माफी मात्र वेगळी मागते, कारण तिथे माझं बोलणं नाही, वागणं चुकलं.

मुरारीभाऊ, दाराशी उभे आहात ते दिसलंय मला. त्या दिवशी दिशाला मी आजीच्या हाती दिलं. तुमच्या हाती द्यायची राहून गेली. ही इथे माझ्या खुर्चीत झोपली आहे. जानकीबाईंना विचारलंय मी. या, पुढे या. जरा वाट द्या हो त्यांना. चप्पल राहू द्या, या तसेच.

हं, अशी घ्या. मान सांभाळा.