कॉफी होईपर्यंत

(वुर्त्सबुर्ग. सप्टेंबरातला रविवार, दुपारची जेवणं झालेली. किलियान लुट्झचं स्वयंपाकघर. त्याची धाकटी बहीण झेंटा कॉफीच्या मशीनचं झाकण उघडून आत बघते आहे.)

झेंटा : ...तर जमेच्या बाजूला काय काय येतं बघ. दर रविवारी वरच्या मजल्यावरून एक बाई खाली येते. केस नीट विंचरलेले, हातात घरचा केक. त्यातले दोन तुकडे तू तिच्यासमोर खातोस, दोन ती गेल्यावर, आणि उरतो तो तुझा सोमवारचा नाश्ता. शिवाय सगळ्या जिन्याच्या बातम्या, त्याही निवडून-पाखडून. आणि खर्चाच्या बाजूला? हे.

किलियान : काय हे?

झेंटा : कॉफी म्हणून तू जे देतोस ते. मघाशी एक घोट घेतला. खडू उगाळून प्यायल्यासारखं वाटलं.

किलियान : एंड्रेसबाई पितात.

झेंटा : सभ्य आहेत म्हणून पितात. दुसऱ्याच्या सभ्यपणावर उधारी किती दिवस चालवायची? आज संध्याकाळी त्यांच्या लेकीचा फोन यायचाय. फ्रायबुर्गला कायमचं जायचं की नाही, ते आज सांगायचंय म्हणे. लेकीनं खालची खोली रंगवूनसुद्धा ठेवलीय.

किलियान : तुला कोण बोललं?

झेंटा : बेकरीवाली. म्हणजे तुला माहीतच नाही?

किलियान : आहे. त्यांनीच सांगितलं, गेल्या रविवारी.

झेंटा : मग? तू काय म्हणालास?

किलियान : विचारलं, रंग कुठला दिलाय.

झेंटा : अरे देवा. बाई सांगतेय मी गाव सोडून चाललेय, आणि हा विचारतो रंग कुठला!

किलियान : फिकट पिवळा.

झेंटा : गप्प बस. इकडे ये आणि बघ आत. टाकीच्या तळाला काय आहे हे?

किलियान : टाकीचा तळ.

झेंटा : तळ काळा असतो, किलियान. हा पांढरा आहे. बोटाएवढा थर बसलाय क्षाराचा. वुर्त्सबुर्गचं पाणी म्हणजे नळातून येणारा डोंगरच, त्यात मार्थावहिनी गेल्यापासून या मशीनला कोणी हात लावलेला नाही. खरं ना?

किलियान : मी पुसतो ते. बाहेरून.

झेंटा : बाहेरून! मार्था महिन्याच्या महिन्याला क्षार काढायची. आणि शेजारी उभं राहून पाणी भरून कोण द्यायचं? तू. म्हणजे कसं काढतात ते तुला ठाऊक आहे.

किलियान : विसरलो.

झेंटा : नदीच्या बंधाऱ्यावर जन्मभर पाण्याचे दरवाजे सांभाळून नावा वर चढवल्यास, खाली उतरवल्यास, त्यातल्या एकेकीचं नाव अजून पाठ आहे तुला. आणि हे विसरलास? बरं, विसर. मी लिंबूसत्त्व आणलंय घरून. नवं कोरं पाकीट. कात्री दे.

किलियान : आज कशाला? पुढच्या आठवड्यात बघू.

झेंटा : पुढच्या आठवड्यात बाई फ्रायबुर्गात पडदे शिवत बसलेली असेल. कात्री.

किलियान : व्हिनेगर चालत नाही का? तळघरात मार्थाची बाटली आहे.

झेंटा : ती काकडीच्या लोणच्याची! शेपू आणि मोहरी तरंगतेय त्यात. बाईनं कॉफी तोंडाला लावायची आणि लोणचं आठवायचं? तू मदत करतोयस की खोडा घालतोयस, तेच कळत नाहीये मला.

किलियान : मी पाणी गरम करतो.

झेंटा : गरम नाही! गारच हवं. लिंबूसत्त्व गरम पाण्यात टाकलंस तर क्षार सुटायच्या ऐवजी आणखी घट्ट धरतो. मार्था ओरडली असती.

किलियान : ओरडायचीच.

झेंटा : ...हं. ओरडायची खरी. आण, तो भांड्यातला चमचा दे. टाकीत ओत हे. गाळणीचा कागद काढलास ना आतला? आता बटण दाब. ऐक, ऐक हे! मशीन आहे की दम्याचा म्हातारा?

किलियान : सवय झालीय मला त्या आवाजाची.

झेंटा : आणि थेंब बघ कसे पडतायत. एक पडला की दुसऱ्याची वाट बघायची. अर्धा जग भरेपर्यंत माणूस निवृत्त होईल. बस, बंद कर आता. अर्धं पाणी खाली, अर्धं नळीत. राहू दे थोडा वेळ तसंच, मुरू दे. तोवर हा काचेचा जग घासते. तळाला काय हे, डांबर? आणि हे जाळीचं भांडं हुंगून बघ. जुन्या तेलाचा वास येतोय. अरे, कॉफीलाही तेल असतं, ते खवट होतं. साबण कुठाय?

किलियान : झेंटा.

झेंटा : काय?

किलियान : फार चांगलं नको करूस.

झेंटा : म्हणजे?

किलियान : काही नाही. साबण तिथे, खिडकीत.

झेंटा : कमाल आहे. लाव बटण परत. हं... हे बघ! आले, आले पापुद्रे! अंड्याच्या टरफलासारखे. आणि आवाज बघ कसा मोकळा झाला. ओत ते सगळं. आता साधं पाणी सोड दोन-तीनदा, नाहीतर कॉफी आंबट व्हायची. आई गं!

किलियान : भाजलं?

झेंटा : खालची तबकडी तापलीय हे सांगायला काय झालं होतं तुला?

किलियान : नळाखाली धर हात. धर नीट. लोणी लावू नकोस.

झेंटा : लोणी नव्हतेच लावत. बेल वाजली बघ. जा, दार उघड. आणि ऐक, भिंतीच्या रंगाबद्दल एक शब्द काढशील तर बघ.

किलियान : या, एंड्रेसबाई. झेंटा आलीय आज.

ओटिलिये एंड्रेस : नमस्कार लुट्झराव. झेंटाबाई, बरं झालं भेटलात. आलुबुखाराचा केक केलाय. यंदा फळ गोड निघालं, साखर कमीच घातली. हाताला काय झालं हो?

झेंटा : काही नाही, तुमच्या स्वागताची तयारी. बसा, बसा. आज तुम्हाला खरी कॉफी प्यायला मिळणार आहे.

ओटिलिये : अरे वा. मी नेहमीच्या जागी बसते, चालेल ना? विणकाम आणलंय. नातवाचा स्वेटर. दुसरी बाही अर्धी झालीय, ती आज इथे... नेहमीसारखी...

झेंटा : लाव रे बटण.

किलियान : लावलं.

ओटिलिये : तर लुट्झराव, मी गेल्या आठवड्यात म्हणत होते ना, त्याबद्दल आज नीट बोलायचंय. आधी लोकर सोडवते जरा. हा गुंता... काय झालं? बंद पडलं का?

झेंटा : बंद कशाला पडतंय! झाली कॉफी.

ओटिलिये : झाली?

किलियान : झाली.

ओटिलिये : इतक्यात?

झेंटा : जग काठोकाठ भरलाय, बघा! आणि गुरगुर नाही, खोकला नाही. घ्या. डब्यातलं दूध घालता ना तुम्ही? आधी एक घोट तसाच घ्या.

ओटिलिये : ...छान आहे.

झेंटा : नुसती छान?

ओटिलिये : फार छान आहे. सुगंध आहे हिला. मार्थाबाईंच्या हातची असायची, तशी.

झेंटा : मग तोंड का असं? किलियान, तुझंही तेच. मी घरात कोणी गेल्यासारखी कॉफी वाढतेय का? बोला की कोणीतरी.

ओटिलिये : तुमचं काही चुकलं नाही, झेंटाबाई. चांगल्या मनानं केलंत तुम्ही.

झेंटा : हे वाक्य आलं की समजावं, चुकलंय. काय चुकलं?

ओटिलिये : काय असतं... मला एक अवघड गोष्ट सांगायची होती. ती मी या मशीनच्या आवाजात सांगणार होते. इतके दिवस अवघड ते सगळं त्यातच सांगत आलेय. ते गुरगुरतं, थेंब पडतात, दोघंही त्या काचेच्या जगाकडे बघत बसतो. एकमेकांकडे बघावं लागत नाही. माझ्या यजमानांचं आजारपण मी लुट्झरावांना असंच सांगितलं. हेही मार्थाबाईंबद्दल असंच बोलले.

झेंटा : हा? मार्थाबद्दल बोलला? माझ्याजवळ चकार शब्द काढला नाही कधी.

किलियान : तुझ्याकडे मशीन चांगलं आहे.

ओटिलिये : थांबा, पर्समध्ये आहे. हे बघा.

झेंटा : लिंबूसत्त्व?

ओटिलिये : दोन वर्षं झाली, पर्समध्ये घेऊन फिरतेय. यांच्याकडे दुसऱ्यांदा आले ना, तेव्हाच चवीवरून कळलं क्षार चढलाय ते. दुसऱ्या दिवशी दुकानातून घेतलं. म्हटलं, रविवारी काढून देऊ. आणि रविवारी बटण दाबल्यापासून कॉफी होईपर्यंत माझा मोज्याचा पाय विणून झाला. मग नाही काढलं.

झेंटा : का?

ओटिलिये : कॉफी झाली की प्यायची. दुसरा कप भरला, तो प्यायचा. तिसऱ्या कपाला एकट्या बाईनं एकट्या पुरुषाकडे बसायचं नसतं, ते तुम्हाला माहीत आहे. जिन्यात चार घरं आहेत. पण कॉफी अजून व्हायचीच आहे, तर उठणार कसं? तो उद्धटपणा झाला.

झेंटा : आणि ते खडूचं पाणी पीत राहिलात?

ओटिलिये : केकबरोबर जायचं खाली.

झेंटा : किलियान, ऐकतोयस का? बाईंना माहीत होतं! दोन वर्षं! आणि तू बिचारा आपला... थांब. फार चांगलं नको करूस, असं मघाशी का म्हणालास तू?

किलियान : असंच.

झेंटा : व्हिनेगर. गरम पाणी. पुढच्या आठवड्यात बघू. किलियान लुट्झ, माझ्याकडे बघ.

किलियान : बंधाऱ्यावर कसं असायचं, नाव दोन दरवाज्यांच्या मध्ये येऊन थांबायची. पाणी चढेपर्यंत तिला जाता यायचं नाही. नावेवरची माणसं काठाला टेकायची, बोलायची. बायको काय म्हणाली, पोरगा कुठे लागला. कोणी सॉसेज भाजून द्यायचं. पाणी वर आलं, दरवाजा उघडला, की हात हलवून गेली. पुढे नवीन झडपा बसवल्या, पाणी भराभर चढायला लागलं. सगळे खूश झाले. मी सोडून.

झेंटा : म्हणजे तुलाही माहीत होतं.

किलियान : मार्थाला पाणी मीच भरून द्यायचो.

झेंटा : म्हणजे दोघांनाही माहीत होतं, दोघंही गप्प होतात, दोघंही घाण कॉफी पीत होतात, आणि मी मूर्ख हात भाजून घेऊन तुमचा चाललेला धंदा बुडवला!

ओटिलिये : असं नका म्हणू. कॉफी खरंच छान झालीय.

झेंटा : मग सांगून टाका आता. फ्रायबुर्गचं काय?

ओटिलिये : लेक म्हणते, तिथे पाणी इतकं मऊ आहे की किटली वर्षानुवर्षं कोरी राहते. खोलीला बागेकडे दार आहे. मी... मी हो म्हणायचं जवळजवळ ठरवलं होतं. गेल्या रविवारी सांगून बघितलं. इथून कोणी काही म्हणालं नाही.

झेंटा : मी बाहेर जाते.

किलियान : बस तू. एंड्रेसबाई.

ओटिलिये : बोला.

किलियान : मशीन आता काही बोलायचं नाही. तेव्हा मलाच बोलायला हवं.

ओटिलिये : वेळ घ्या. मी विणतेय.

किलियान : गेल्या रविवारी मी रंग विचारला. रंग विचारायचा नव्हता. तुम्ही फिकट पिवळा म्हणालात. मला तो रंग आवडला नाही.

ओटिलिये : हं.

किलियान : कुठलाही सांगितला असतात तरी आवडला नसता.

ओटिलिये : मलाही पिवळा कधी फारसा आवडला नाही.

किलियान : आणि इथलं पाणी काही बदलायचं नाही. क्षार परत धरेल. लगेच नाही धरत तो, वेळ लागतो. चांगलं गुरगुरायला वर्ष जाईल, कदाचित जास्त. तोवर तुम्हाला कॉफी झाल्यावरही बसावं लागेल. कपात काही नसलं तरी.

ओटिलिये : जिन्यातली चार घरं काय म्हणतील?

किलियान : म्हणू देत. आपण बटण दाबून ठेवू, रिकामंच.

ओटिलिये : रिकामं चालवू नका, जळेल. पाणी घालून चालवा.

झेंटा : मी या घरात अजून आहे, एवढं लक्षात असू द्या.

ओटिलिये : लेकीला काय सांगायचं, तेवढं ठरवायला हवं संध्याकाळपर्यंत.

किलियान : सांगा, खोली सुरेख आहे, नाताळात बघायला येतो.

ओटिलिये : येते, म्हणायचं ना?

किलियान : ...तुम्हाला काय वाटतं?

ओटिलिये : येतो म्हणते. केक कापा लुट्झराव, तुमचा हात स्थिर आहे. आणि दुसरा जग ठेवा.

झेंटा : झालं. आता माझा हिशेब ऐका. कॉफी किलियानची, केक बाईंचा, तो तुम्ही दोघांनी वाटून घेतला. खोलीच्या रंगाच्या पैशांना लेक बुडाली. आणि लिंबूसत्त्व माझं, घासणं माझं, चटका माझा. अरे, आणि हा कडेचा करपलेला तुकडा माझ्याच ताटलीत का?

किलियान : तुला आवडतो तो.

झेंटा : लहान होते तेव्हा आवडायचा. तेव्हाही तूच वाढायचास.

ओटिलिये : लिंबूसत्त्वाचं तेवढं फेडते, झेंटाबाई. माझं हे पाकीट घेऊन जा. कोपरे झिजलेत, पण फोडलेलं नाही.

झेंटा : अहो, राहू द्या. तुम्हालाच लागेल.

ओटिलिये : नाही हो. आम्हाला कशाला लागतंय.