जपानला निघालेली नात

बल्गेरियातल्या प्लोव्दिव्हच्या बसस्थानकात स्तोयांका राजधानी सोफियाला जाणाऱ्या गाडीची वाट बघत बसली होती. शेजारी एक आजोबा आणि त्यांची नात बोलत होते. स्तोयांकाने पेपर उघडला, पण कान तिकडेच होते.

“आजोबा, जपानमध्ये घरात शिरताना बूट दारातच काढतात.”

“इथं शंभरदा सांगितलं, तेव्हा नाही काढलेस.”

“आणि चेरी फुलली की सगळे झाडाखाली जेवायला बसतात.”

“चेरी आपल्या अंगणातही आहे, बिल्याना. कधी बसलीस?”

“रागावलात?”

“नाही गं. कार्टून बघत बघत त्यांची भाषा शिकलीस, कौतुकच आहे. वर्षभरच ना?”

“आवडलं तर जास्तही राहीन.”

आजोबांनी तिच्या बॅगेचा पट्टा सरळ केला.

“तिथं घरातून निघताना काय म्हणतात?”

“इत्ते किमास. जाऊन येते.”

“नुसतं जाते, असं नाही म्हणत?”

“नाही.”

“बरं करतात. आणि घरी राहणारा काय म्हणतो?”

“इत्तेराश्शाई. जाऊन ये.”

गाडी लागली. स्तोयांका उठली, बिल्यानाही उठली. आजोबांनी तिची बाही धरली.

“थांब, पुन्हा एकदा सावकाश सांग. मला नीट म्हणता आलं पाहिजे.”