हलत्या भागाला रंग

बाबा : ऐक, ऐक! परत सुटलं. आता बघ, आपटेल... आपटलं! असं धापा टाकणारं इंजिन चाळीस वर्षांत मी या वखारीत एक दिवस चालू दिलं नाही.

मुलगी : बाबा, मलाही कान आहेत.

बाबा : मग वापर की! करवत लाकडात शिरली की हे मरायला टेकतं, बाहेर आली की पिसाळतं. स्प्रिंग बदललीस?

मुलगी : बदलली. डिझेलची नळी साफ केली, फिल्टर नवा घातला, पंप उघडून पाहिला. तीन दिवस मी दुसरं काय करतेय? तुम्ही मात्र त्या स्टुलावर बसून माझा उद्धार करताय.

बाबा : हे स्टूल मिस्त्रीचं आहे.

मुलगी : मिस्त्री महिन्यापूर्वी रिटायर झाले.

बाबा : झाले, आणि इंजिन तुझ्या हातात दिलं, आणि महिनाभरात त्याची ही दशा!

मालक : भांडा, भांडा. बाहेर भंगारवाला ट्रक लावून उभा आहे, त्याचीही करमणूक होईल. मिस्त्री, तुमच्याकडे बघून मी आजपर्यंत थांबलो. बारापर्यंत हे ताळ्यावर आलं नाही तर मी ते उचलून देणार. विजेची मोटर बसवणार. तिला मिस्त्री लागत नाही.

मुलगी : म्हणजे मीही भंगारात.

मालक : मला काय हौस आहे, पोरी? काल एका दिवसात दोन पाती तुटली. फळ्यांवर तर अशा लाटा, की गिऱ्हाईक हात लावून हसलं.

मुलगी : अकरा वाजलेत. तासभर माझा आहे ना? मग बंद करते इंजिन. काका, जरा बॅटरी धरा. इथे, गव्हर्नरवर.

मालक : हे दोन गोळे फिरतात, तेच ना? इतकी वर्षं बघतोय, पण ते नक्की करतात काय, देव जाणे.

मुलगी : इंजिन पळायला लागलं की गोळे जोरात फिरून बाहेर फाकतात. फाकले की ही खालची कॉलर वर ओढली जाते, कॉलर या दांड्याला ढकलते, आणि डिझेल कमी होतं. इंजिन मंदावलं की गोळे आत, कॉलर खाली, डिझेल जास्त. दिवसभर हेच.

बाबा : घोडं आपला लगाम आपणच ओढतं, मालक! कोणी सांगायला लागत नाही.

मुलगी : बाबा, आता इकडे बघा. कॉलर हाताने वर सरकवली. सोडली.

बाबा : मग?

मुलगी : मग काही नाही. तिथेच राहिली. लगेच खाली यायला हवी होती. आता टिचकी मारते... आली, तीही धप्पकन. हिला वेळेवर हलताच येत नाही. अडून बसते आणि मग एकदम सुटते. म्हणून इंजिन आधी पिसाळतं आणि मग आपटतं.

बाबा : तेल घाल.

मुलगी : कालच घातलं. काका, बॅटरी अजून खाली. कॉलरच्या आत लाल दिसतंय?

मालक : लालच की. गंज?

मुलगी : गंज असा चकाकत नाही. रंग आहे हा. महिनाभर तेल आणि उष्णता लागून चिकट झालाय.

मालक : रंग? पण रंग तर शेवटच्या दिवशी...

मुलगी : काका, राहू द्या.

मालक : राहू द्या काय? मिस्त्री स्वतः घरून ब्रश घेऊन आले होते!

मुलगी : बाबा?

बाबा : दोन हात दिले. गोळ्यांनासुद्धा. म्हटलं, लेकीच्या हातात देतोय तर नटवून द्यावं. हात थरथरतात हल्ली, गेला असेल ओघळ आत.

मुलगी : असू दे, बाबा.

बाबा : असू दे कसं? चाळीस वर्षं हाताखालच्या प्रत्येकाला बजावलं, हलत्या भागाला रंग लावायचा नाही. एकाला तर त्यापायी हाकलून दिलं मी! आणि तीन दिवस तुला टाकून बोलतोय. चुकलो, पोरी. आण तो खरवडायचा पत्रा. माझी घाण मीच काढतो.

मुलगी : हात थरथरतात म्हणालात ना? खरवडते मी. तुम्ही थिनर ओता. थेंब थेंब.

(पाऊण तासाने इंजिन सुरू होतं.)

मालक : आधी एखादा बारका ओंडका लावू?

मुलगी : तो कोपऱ्यातला लावा. सगळ्यात जाड.

मालक : अगं, त्यानेच काल पातं तोडलं!

मुलगी : म्हणूनच.

बाबा : लावा हो, मालक! माझी लेक सांगतेय.

मालक : लावला. शिरलं पातं...

बाबा : दबलं... दबलं... सावरलं! ऐकलंत? एका श्वासात सावरलं!

मुलगी : गोळे बघा, बाबा. आत आले आणि तिथेच टिकले. आता पातं बाहेर पडेल, तेव्हा खरं.

मालक : पडलं!

बाबा : पळत नाही! नुसतं हुंकारलं आणि जागेवर! वा गं माझी वाघीण! माझ्या हाताखाली हे इतकं सरळ कधी चाललं नव्हतं. खरंच सांगतो, कधीच नाही!

मालक : फळी बघा, फळी! गाल घासला तरी ओरखडा उठणार नाही. अहो भंगारवाले, फिरवा तुमचा ट्रक! हवं तर तुटकी पाती न्या! मिस्त्री, लावू का पुढचा ओंडका?

बाबा : मला काय विचारता?

मालक : मग कुणाला विचारू? स्टुलावर तुम्ही बसलाय.

बाबा : थांबा, उठतो. गुडघे जरा... हं. ये, पोरी. बस इथे. अशी नाही, कान इंजिनाकडे करून. हां. आता विचारा, मालक.

मालक : मिस्त्री, लावू का पुढचा ओंडका?

मुलगी : लावा.