पाळण्यात कोण झोपलं आहे?

तू पाळणा घेऊन राहिला म्हणून सांगतो, पहिले घरच्यांना विचार. मी नाही विचारलं. मोबाइलवर वाचून वाचून नागपूरहून कठड्याचा लाकडी पाळणा आणला. दांड्यांमधून लेकराचं डोकं जात नाही, गादी चारही बाजूंनी घट्ट बसते, सगळं तपासून. घरात बजावलं, आत उशी नाही, गोधडी नाही, अन् तोंडावर कपडा तर बिलकुल नाही.

दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याहून ड्यूटी करून सौंसरला घरी आलो, तर बाबा पाळण्याजवळ बसून पेपरनं मच्छर हाकलून राहिले.

"हळू बोल, झोपलं आहे," म्हणे.

आत पाहतो तर गोधडीत पूर्ण गुंडाळलेलं, टोपरं पार तोंडावर. हालचाल काहीच नाही. मी झटकन हात घातला. उचललं तर हे जड. टोपरं सरकवलं, तर आत वरवंटा.

"आई, लेकरू कुठं आहे?"

"आतल्या खोलीत, झोळीत. कायले ओरडून राहिला?"

"मंग हे काय आहे?"

"बारशाच्या आधी लेकरू पाळण्यात टाकत नाही. अन् पाळणा रिकामाही ठेवत नाही. म्हणून वरवंटा निजवला."

"अन् टोपरं?"

"लेकरू समजून निजवतात त्याले. उघडं कसं ठेवू?"

बाबांनी पेपर खाली ठेवला. एकदा वरवंट्याकडे पाहिलं, एकदा आईकडे.

"मंग मी मघापासून कोणाचे मच्छर हाकलून राहिलो?"