निळा पेशंट

मला एकदा फुकटात ऑक्सिजन लावला होता, ते सांगितलं का तुम्हाला?

रंगपंचमी होती. गेरमधून, म्हणजे आमच्याकडच्या रंगाच्या मिरवणुकीतून, घरी आलो तो नखशिखांत निळा. बघतो तर शेजारचा विलास दारात बसून धापा टाकतोय. त्याला दमा आहे, म्हणून रंगाच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही. कोणी बोट लावलं तरी भांडतो. उचलला, स्कूटरवर बसवला आणि हॉस्पिटलला नेला.

कॅज्युअल्टीत पुण्याहून आलेला नवा डॉक्टर होता. माझे ओठ आणि नखं बघून ओरडलाच, "सायनोसिस! ऑक्सिजन कमी पडून निळे झालेत हे! झोपवा यांना!"

"अहो, पेशंट मी नाही..."

"बोलू नका, दम लागेल!"

तोंडावर मास्क चढला. बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, पण नखावरच्या रंगामुळे मशीनवर आकडाच येईना. डॉक्टरला घाम फुटला.

बाजूला उभा विलास म्हणतोय, "डॉक्टर... मी... मला..."

डॉक्टरनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "धीर धरा. भाऊ का तुमचे?"

विलासनं सरळ माझा मास्क ओढला आणि स्वतःच्या तोंडाला लावला.

"अहो, ते मरतील ना!" डॉक्टर किंचाळला.

मी उठून बसलो आणि आमच्या गावच्या हिंदीतच ओरडलो, "भिया, मैं तो रंग खेल के आया हूँ. बीमार तो ये है!"

थोड्या वेळानं विलासची धाप थांबली. मास्क बाजूला करून माझ्यावर डोळे वटारत म्हणाला, "पुढच्या पंचमीला मलाही निळा लाव रे. निदान कोणी विचारेल तरी!"