वॉर्निश वाळेपर्यंत

आणि वर मलाच म्हणायचं, मोनाली, तू फार घाबरतेस! अहो, तुम्हीच सांगा, बोईसरात राहायचं, कडेवर नुकतं रांगायला लागलेलं पोर, खिडकी उघडली की कारखान्यांचा रोज नवा वास... घाबरायचं नाही तर काय करायचं?

मुळात लाकडी फरशी! अख्खं बोईसर टाइल्सवर सुखानं नांदतंय आणि आम्हाला भाड्याचं घर मिळालं ते कृष्णकांतशेठचं. त्यांची पूर्वी लाकडाची वखार होती. वखार बंद झाली, उरलेल्या सागाच्या फळ्या त्यांनी हॉलमध्ये ठोकल्या. वरचं पॉलिश कधीच उडालेलं. मोठ्या माणसांना चालतं हो, पण आमचा भाग्येश रांगायला लागला आणि त्याच्या तळहातात लाकडाचं हे एवढं कुसळ! मी सुईनं काढलं. तो कमी रडला, मी जास्त. मग मोबाइलवर वाचायला बसले, कुसळ, मग पू, मग धनुर्वात... वाचता वाचता मी पोराला थेट ऑपरेशनच्या टेबलावर नेऊन ठेवलं!

ठरवलं, फरशी घासून वॉर्निशचा नवा कोट मारायचा. नवरा, रूपेश, म्हणाला, "रविवारी मी मारतो." त्याचा रविवार कधी येतो ते त्याच्या कंपनीलाच ठाऊक. म्हणून मीच पदर खोचला. म्हणजे गाऊन. पॉलिश पेपरनं घासलं, झाडलं, ओल्या फडक्यानं पुसलं, सुक्या फडक्यानं पुसलं. हार्डवेअरवाल्यानं सांगितलं होतं, "भाभी, खिडकी खुली रखना, दरवाजे की तरफ आते आते मारना, और सूखने तक पैर मत रखना."

त्याला काय जातंय सांगायला! खिडकी उघडी ठेवली की बाहेरची काजळी ओल्या कोटावर येऊन बसणार, विश्वास नसेल तर आमच्या वाळत घातलेल्या लंगोटांना विचारा! हॉलच्या खिडक्या केल्या बंद. आणि दाराकडे येत येत मारायचं म्हणजे मी दाराबाहेर, पोर आतल्या खोलीत झोपलेलं आणि मध्ये ओली फरशी? वेडी आहे का मी? मी उलटं केलं. फडकं वॉर्निशमध्ये बुडवून दारापासून सुरुवात केली आणि मागे सरकत सरकत आतल्या खोलीत. पोर जवळ, पाणी जवळ, खिमट जवळ, बाथरूम आतच. खोलीची खिडकी सताड उघडी. वाळेपर्यंत दोघं बसू! किती विचार केला बघा. एवढा विचार शहाणं माणूस करत नाही, तिथंच मला कळायला हवं होतं...

थोड्या वेळानं जिन्यात मैनाबाईंचा आवाज. खालच्या मजल्यावर राहतात, मूळच्या कुंभवलीच्या, कारखान्यांच्या भिंतीला लागून जन्म गेला. "अगो बाय, कसला ह्यो वास! ह्यो वास आपला नाय! आपले सगले वास मी वलखते, ह्यो नवीन हाय! उतरा खाली, गॅस सुटलाय!"

आता बोला! एरवी असल्या वासात बसून निवांत पापड वाळवणारी बाई, ती घाबरली! मग मी घाबरायचं नाही तर काय करायचं? वॉर्निशचा वास मला येत नव्हता का? येत होता की! पण तो नाकात असा मुरलेला की मला वाटलं, हा माझा आणि तो गॅसचा दुसरा, माझ्या वॉर्निशमुळे मला कळत नाहीये एवढंच! उचललं पोर आणि धावले. अनवाणी. ओल्या कोटावरून. पचक, पचक, पचक...

खाली सगळी बिल्डिंग. वॉचमन बन्सी तोंडाला रुमाल बांधून ओरडतोय, "वाऱ्याच्या उलट चला!" आम्ही पळालो पंपाच्या खोलीकडे. जरा हुश्श होतोय तर मैनाबाई, "आला! हितं पन आला!" पळालो गेटकडे. वास गेटवर. रस्ता ओलांडून उघड्या मैदानात. वास मैदानात! तुम्हीच सांगा, गॅस असा माणसांच्या मागे लागतो? त्यात भाग्येश गप्प झाला, डोळे मिटायला लागला.

"मैनाबाई, हा डोळे मिटतोय हो!"

"अगो, कच्ची झोप मोडली त्याची."

"नाही हो, बेशुद्ध होतोय!"

मी त्याला हलवतेय, तो भोकाड पसरतोय, मला बरं वाटतंय, तो गप्प होतोय, मी परत हलवतेय...

तेवढ्यात रूपेश बाइकवरून आला. फोनवर मी त्याला नुसतं "गॅस! बाळ! ये!" एवढंच सांगितलं होतं. चेहरा पांढराफटक. हेल्मेट काढलं, पोराला घेतलं, छातीशी धरलं, मला जवळ घेतलं... आणि हुंगलं. परत हुंगलं.

"मोनाली, तुझ्या खांद्यावर काय आहे?"

खांद्यावर फडकं होतं. वॉर्निशचं. पिळलं असतं तर वाटीभर निघालं असतं.

मग मैनाबाई, "म्हंजे आमी गॅसपासून पलत नव्हतो. गॅसच पोर कडेवर घेऊन आमच्यासंगं पलत होता!" बन्सी हसून हसून खाली बसला. मला मात्र रडूच कोसळलं. मग त्याच माउलीनं फडकं चिमटीत धरून लांब भिरकावलं आणि म्हणाली, "रडतेस कशाला? पोर धडधाकट हाय ना?"

रात्री परत वर गेलो तर कोट खडखडीत वाळलेला. आरसा हो, आरसा! भाग्येश आता त्यावरून सटासट रांगतो, एक ओरखडा नाही. फक्त मधोमध माझी पावलं. टाच, बोटं, सगळं, आतल्या खोलीपासून थेट दारापर्यंत. दुसरा कोट मारून बुजवीन म्हटलं, तर बिल्डिंगनं हात जोडले, ताई, डबा उघडू नका!

परवा पालघरहून सासूबाई आल्या. चष्मा लावून दारातच फरशीवर वाकल्या. म्हणाल्या, "सूनबाई, लक्ष्मीची पावलं हौसेनं उमटवलीस, छान केलंस. पण अगं, सगळी घराबाहेर निघालीत!"

मी म्हटलं, "आई, बोईसरची लक्ष्मी आहे. वास आला की तीही आधी खालीच उतरणार."