सुनेच्या नावची सुई

मी सोजरबाई भ्र. पुंजाजी पडघान, वय नक्की माहीत नाही, पंचेचाळीस धरा, धंदा मजुरी, राहणार किन्हीराजा, ता. वाशीम, जि. अकोला. आज दिनांक १४ एप्रिल १९७३ रोजी ठाण्यात स्वतः येऊन सांगते की,

दुष्काळामुळे मी व माझी सून बेबी सडकेच्या सरकारी कामावर गिट्टी फोडतो. बेबीचे लेकरू चार महिन्यांचे आहे, अंगावर पिते.

सोमवारी कंपाऊंडर पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, सुई घेऊन कामावर आला. ही पटकी साऱ्या दुनियेत फिरून राहिली आहे, कार्ड नसेल त्याची हजेरी लागणार नाही, असे मुकादम मारोतराव बोलले. सुईने दोन दिवस ताप येतो. हजेरी बुडते, दूधही आटते. म्हणून मी डाव्या दंडात माझ्या नावाने व पदर पुढे ओढून उजव्या दंडात बेबीच्या नावाने सुई घेतली. पुष्कळ बायका असे करतात. नावे सांगणार नाही.

तीन दिवस टँकर आला नाही. नाल्यातल्या झिऱ्याचे पाणी प्यालो. आज सकाळपासून बेबीला तांदळाच्या धुवणासारखे जुलाब आहेत, पायांत गोळे येतात. कंपाऊंडर कार्ड पाहून म्हणाला, "हिले सुई देल्ली आहे. पटकी नाही, ऊन लागलं." मी खरे सांगू लागले तर मारोतराव म्हणाले, "तोंड आवर, सोजरबाई. पटकी लिहिली का काम बंद, बजार बंद. चारशे माणसं तुह्या दारात येऊन बसतीन."

मी म्हणाले, "बसू द्या. जिते त राह्यतीन."

पटकी लिहिल्याशिवाय सलाईनची गाडी येत नाही. म्हणून पायी आले. बेबीजवळ माझा मुलगा देवमन आहे. लेकरू सोबत आणले, त्याला सकाळपासून दूध नाही.

खोट्या नावाने सुई घेणे गुन्हा आहे हे माहीत आहे काय, असे हवालदारसाहेबांनी विचारले. माहीत नाही. असेल तर लिहा, पण मागून. पुरावा म्हणून दोन्ही दंड दाखवले, अजून सुजलेले आहेत.

जबाब वाचून दाखवला. त्यात एके ठिकाणी "ऊन लागून आजारी" असे आले होते, ते खोडून पटकी लिहविले. बाकी मी बोलले तसेच आहे. गाडीसाठी फोन माझ्यासमोर लावा, असे मी म्हणाले. लेकराचे रडणे बंद झाले आहे. फोन लागल्यावर अंगठा दिला.